डायलिसिसचं पाणी

"पाण्याचं एक सॅम्पल फेल आहे. ते सुधारल्याशिवाय लायसन्स देता येणार नाही," आरोग्य खात्याची इन्स्पेक्टर लिंडा म्हणाली आणि तिने लॅपटॉप बंद केला.

कॅनडात, मिसिसागा शहरापासून बरंच उत्तरेला, एका लहान गावात नवीन डायलिसिस क्लिनिक उभं राहत होतं. तिथल्या वॉटर प्लांटचा इंजिनिअर मी. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत, त्यांचं रक्त मशीनमधून फिरवून साफ करतात. त्याला भरपूर पाणी लागतं, आणि तेही पिण्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी शुद्ध. पोट जे सहन करतं, ते रक्त करत नाही.

क्लिनिकची मॅनेजर कॅरन वैतागली. "बाकी सगळे सॅम्पल पास आहेत. माझे पेशंट आठवड्यातून तीनदा बर्फातून शहरात जातात. परवा मार्गारेटची गाडी हायवेवरून घसरून खड्ड्यात गेली. तिला काय सांगू?" एका सॅम्पलसाठी अडवणं मलाही जास्तच वाटत होतं.

"तिला सांग, मी नाही म्हणाले," लिंडा शांतपणे म्हणाली. "या पाण्यावर मी तिला बसवणार नाही."

पाइपच्या मागे मागे जात मी शेवटच्या खुर्चीपाशी पोचलो आणि भिंतीचं पॅनल काढलं. पुढेमागे आणखी एक खुर्ची बसवता यावी म्हणून प्लंबरने पाइपचा हातभर तुकडा टोक बंद करून तसाच सोडला होता. आम्ही त्याला डेड लेग म्हणतो. पाणी आत जातं, पण वाहत नाही, आणि साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. तो कापला, सगळी लाइन डिसइन्फेक्ट केली, पुन्हा सॅम्पल पाठवले. या वेळी सगळे पास झाले. लायसन्स मिळालं.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम थांबलो. पहिली पेशंट मार्गारेटच होती. आयुष्यभर तिने स्कूल बस चालवली होती. नर्सने नळ्या जोडल्या.

"हे पाणी तुझं का?" तिने विचारलं.

"हो."

"बरं. मग मी झोपते."

आजवर मी पाणी टाकीत, मीटरवर आणि रिपोर्टमध्येच बघितलं होतं. इथे फिल्टरमध्ये एकीकडून तिचं रक्त जात होतं, दुसरीकडून माझं पाणी, आणि मधे केसाहून पातळ पडदा. दोन्ही एकमेकांत मिसळत नव्हती. रक्तातली घाण तेवढी पाण्यात उतरत होती. रक्त शरीराबाहेर फिरत होतं आणि ही बाई चक्क घोरत होती. मी नुसता बघत उभा राहिलो. नर्सने दोनदा बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा हललो.

इंजिनिअरने आपलं पाणी कुठे जातं, हे एकदा तरी डोळ्यांनी बघावं. इन्स्पेक्टरशी वाद घालायची हौस कमी होते.