आग्रहाचं इंग्रजी

विरारला आमच्या इमारतीत कुणाला इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या झाल्या की आमची बेल वाजते. 'बाई, इथे इन येईल की अ‍ॅट?' उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला. निवृत्त झाले तरी चुकीचा शब्द दिसला की माझं डोकं फिरतं. लिफ्टमधली सूचनासुद्धा मी पेनाने दुरुस्त करते. सेक्रेटरींना ते आवडत नाही, पण तोंडावर बोलत नाहीत.

गेल्या डिसेंबरात सून नातीला घेऊन येणार होती. मुलाला रजा नव्हती. सून केरळची, त्यांचं बिऱ्हाड बंगलोरला, त्यामुळे आम्हा दोघींना बोलायला इंग्रजीच. नात पाच वर्षांची झाली तरी आमच्या घरी एकदाही झोपली नव्हती. या खेपेला एक रात्र तरी ती माझ्या कुशीत झोपावी, एवढंच मला हवं होतं.

निरोप लिहायला बसले. 'मस्ट' म्हणजे हुकूम झाला, 'शुड' म्हणजे उपदेश. 'कॅन'पेक्षा 'मे' सभ्य. मग 'विथ अस' की 'अ‍ॅट अवर प्लेस', यात चहा गार झाला. शेवटी जे तयार झालं त्याचा मराठीत अर्थ असा, की आपल्याला सोयीचं असेल तर आपण आमच्याकडे राहू शकता. पाठवण्याआधी ह्यांना वाचून दाखवलं.

'बँकेची नोटीस वाटतेय,' हे म्हणाले. 'नुसतं या म्हण की.'

'तुम्हाला नाही कळायचं त्यातलं.'

सुनेचं उत्तर लगेच आलं. तुम्हाला त्रास नको म्हणून कळंबला समुद्राजवळ खोली घेतली आहे, दिवसा तुमच्याकडेच असू. एक चूक काढायला जागा नव्हती. मला भयंकर राग आला आणि तो काढायचा कुणावर ते कळेना. आमच्याकडे आग्रह केल्याशिवाय कुणी दुसरी पोळी घेत नाही, आणि पाहुण्याचं नको कुणी खरं धरत नाही. मी नेमका आग्रहच गाळला होता. मी लिहिलं तेवढंच तिने वाचलं.

दोघी आल्या. दुपारी जेवताना हे आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत नातीला गावच्या गोष्टी सांगत होते. ह्यांचं गाव वसईच्या खाडीकाठचं, शेतीवाडीचं. पाहुणा निघतो म्हणाला की माझे सासरे त्याच्या चपला भाताच्या कणगीमागे लपवायचे. मग सगळं घर साळसूदपणे चपला शोधायचं, आणि शहाणा पाहुणा परत येऊन बसायचा. माझ्या वडिलांच्या चपला तर दर खेपेला जायच्या. नव्या नवरीला, म्हणजे मला, तो शुद्ध अडाणीपणा वाटायचा. ह्यांनी क्रियापदांचे सगळे काळ एकात एक मिसळले होते, तरी नात खिदळत होती आणि सूनही घास हातात धरून ऐकत होती.

संध्याकाळी रिक्षा खाली येऊन उभी राहिली. मी एकदा शेवटचं विचारलं, 'वुड यू लाइक टु स्टे?' सून हसून म्हणाली, 'वी आर फाइन, अम्मा. थँक यू.' ती नातीचे कपडे आवरायला आतल्या खोलीत गेली. मी दाराशी जरा रेंगाळले आणि मग स्वयंपाकघरात गेले.

थोड्या वेळाने सून दारापाशी वाकून नातीचे बूट शोधू लागली. तिला मदत करायला हे आले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग फारच मन लावून शोधायला लागले.

'अम्मा, तिचे बूट पाहिलेत?' सुनेने विचारलं.

'हॅवन्ट सीन' की 'डिडन्ट सी'? दोन्ही व्याकरणात बसत होती आणि दोन्ही खोटी होती. बूट तांदळाच्या डब्यामागे होते.

'मॉर्निंग,' मी म्हटलं. 'शूज, मॉर्निंग.' पुढे एक शब्द सुचेना.

सून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आपल्या पायातल्या चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.