सड्यावरचं पिवळं विमान आणि चिमूटभर कुंकू

रत्नागिरीला लोक समुद्र बघायला जातात. आम्ही गेलो, कारण माझ्या नवऱ्याला, सुधीरला, दिसतंय तोवर एकदा विमान उडवायचं होतं. पुढच्या हिवाळ्याची खात्री नाही, असं डोळ्यांचे डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते. विमान त्यानेच बांधलेलं, रेडिओवर चालणारं, एकावर एक दोन पंखांचं. रंग पिवळाधमक, कारण पिवळं त्याला अजून दिसतं.

इंजिन निवडण्यात मात्र वर्ष गेलं. मी म्हटलं, बॅटरीची मोटर बसव, घाण नाही. दुकानदार म्हणाला, टू-स्ट्रोक घ्या, हलकं आणि स्वस्त. सुधीरने महागडं फोर-स्ट्रोक घेतलं. दोन पंख हवा फार अडवतात, तिथे वेगापेक्षा ओढ लागते. हे इंजिन मोठा पंखा सावकाश फिरवतं. शिवाय आवाज खर्जातला. "दिसेनासं झालं तरी कुठे आहे ते ऐकू येईल," म्हणाला.

कोल्हापूरहून आंबा घाटाने गेलो. घाट सुंदर, खालचा रस्ता खणून ठेवणाऱ्यांना त्यावरूनच रोज कामावर पाठवावं. मुक्काम मांडवीला. सुरमईची थाळी चांगली, भाव सराफाचा. उडवायचं तर पहाटे. दुपारी समुद्राचा वारा उठतो. सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळ-माळावर, सावलीच नाही, टोपी न्या.

सडा नानांचा. आंब्याची बाग, अघळपघळ माणूस. पूजेचं ताट, नारळ घेऊन हजर.

"इंजिनाला काही फासू नका," मी म्हटलं. "पंखाला लावा."

"नवी होडी पुजल्याशिवाय पाण्यात जात नाय, वहिनी. हे तर विमान!"

"असू दे गं," सुधीर म्हणाला. "सडा त्यांचा आहे."

आणि नानांनी हळद आणि ओलं कुंकू इंजिनाच्या चकचकीत तोंडातच भरलं. ते इंजिनाचं नाक, हवा तिथूनच आत जाते. सुधीरला ते दिसलं नाही. मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

विमान उडालं. करड्या आभाळात पिवळा ठिपका, खाली गुरगुर. मी कानाशी सांगत होते, "डावीकडे. अजून वर."

"दिसतंय गं मला!" तो ओरडला.

मग त्याचा चेहरा उतरला. "बंद पडलं." मला आणि नानांना अजून काहीच कळलं नव्हतं. दोन पंखांचं विमान इंजिनाविना तरंगत नाही, धोंड्यासारखं पडतं. जांभ्या दगडावर त्याचा चुरा झाला.

"दृष्ट लागली," नाना म्हणाले. मी काय बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. सुधीर त्यांना एवढंच म्हणाला, "नारळ गोड निघाला का?"

घरी येऊन त्याने इंजिन चाचपडत खोललं, रॉकेलने धुतलं. फडकं लाल झालं. नवं विमान बांधण्याइतके डोळे आता उरलेले नाहीत, हे दोघांनाही माहीत आहे. तरी दर रविवारी तो इंजिन मांडीवर घेऊन बसतो. गंजू नये म्हणून तेलाचा थेंब सोडायचा असतो. भोक कुठे आहे ते मी त्याचं बोट धरून दाखवते.