बाबांची पाठ

चिमणीला तिच्या खऱ्या नावानं फक्त शाळेतल्या बाईच हाक मारायच्या. घरात, गल्लीत, दुकानात ती चिमणीच. अंगानं बारकी, चालणं तुरुतुरु, म्हणून बाबांनी लहानपणी ते नाव ठेवलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. बाबा पाट्या रंगवायचे. त्या रस्त्यावरच्या न्हाव्याची, औषधवाल्याची, घड्याळवाल्याची पाटी त्यांच्याच हातची. दातांच्या डॉक्टरची पाटी रंगवत असताना शिडीवरच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. ‘दंतवैद्य’मधला शेवटचा ‘द्य’ राहून गेला तो राहिलाच. डॉक्टरांनी दुसरा पेंटर बोलावला नाही.

बाबांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आई त्याआधीच वारली होती आणि दादा कारखान्यात पाळीवर जायचा. बाबांचं सगळं चिमणीवर आलं, ते कुणी ठरवून सोपवलं नाही. पाणी उताराकडं जातं तसं ते तिच्याकडं आलं. भरवणं, पुसणं, चादर बदलणं, कूस पालटणं. बाबा आडव्या अंगाचे, दणकट हाडाचे, आणि ही काडी. पण तिनं युक्ती काढली होती. अंगाखाली दुहेरी चादर घालायची, गुडघा पलंगाच्या कडेला टेकवायचा आणि चादरीसकट ओढायचं. बाबा अलगद वळायचे. तपासायला येणारे डॉक्टर पाठीवरून हात फिरवून म्हणायचे, “इतकी वर्षं पडून असलेल्या माणसाची पाठ अशी मी पाहिली नाही.”

येणारेजाणारे म्हणायचे, “तू तर अर्धी नर्सच झालीस गं.”

अर्ध्या नर्सला कुणी नोकरी देत नाही, हे एकदा वरच्या मजल्यावरच्या सिस्टर तिला तोंडावर म्हणाल्या. “पूर्ण हो,” त्या म्हणाल्या. “नाहीतर उद्या बाबा गेले की तुझ्या हातात काय? रिकामी चादर?”

सिस्टर मोठ्या दवाखान्यात होत्या. एकट्या राहायच्या. सुट्टीच्या दिवशी बादलीत गरम पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसायच्या. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या तटतटलेल्या. नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुली त्या बादलीभोवती जमायच्या. त्या वर्षी तिघी होत्या. एक बेकरीवाल्याची मुलगी, रक्त म्हटलं की जिचे ओठ पांढरे पडायचे. दुसरी इतकी उंच, की तिला सगळे शिडी म्हणायचे. आणि तिसरी चिमणी.

“सिस्टर, मी बेशुद्ध पडले तर काढून टाकतात का?” बेकरीवाल्याची विचारायची.

“पहिल्यांदा उचलतात. दुसऱ्यांदा पाणी मारतात. तिसऱ्यांदा तुला ओलांडून जातात. मग तुझी तूच उठतेस.”

“आणि प्रेत?”

“ते कुणाला काही करत नाही. जिवंत माणूस चावतो.”

शिडीची चिंता वेगळी. एवढ्या उंचीचा गणवेश मिळेल का, पुस्तकं सगळी इंग्रजी असतात ती डोक्यात शिरतील का, आणि रात्रपाळी करणाऱ्या मुलीशी लग्न कोण करणार. सिस्टर म्हणाल्या, “गणवेश शिवून मिळतो. इंग्रजी रडतरखडत येतं. लग्नाचं मला विचारू नकोस, मी हे पाय घेऊन इथं बसलेय.”

मग त्या खरे सल्ले द्यायच्या. बूट एक नंबर मोठा घ्या, संध्याकाळी पाय सुजतात. ड्यूटीला उपाशी जाऊ नका. रडायचं तर चादरींच्या खोलीत जाऊन रडा, पेशंटसमोर नाही. येत नसेल तर ‘येत नाही, दाखवा’ म्हणा. जी लाजते ती चुकते, आणि आपली चूक दुसऱ्याच्या अंगावर उमटते.

चिमणी ऐकायची. तिला रक्ताची भीती नव्हती, घाणीची नव्हती, जागरणाचीही नव्हती. तिची काळजी एकच. मी होस्टेलला गेले तर बाबांची कूस कोण बदलणार?

एकदा दोघी निघून गेल्यावर सिस्टर तिला म्हणाल्या, “मला त्या दोघींची चिंता नाही. ज्यांना काही येत नाही त्या शिकतात. तू एकाच माणसाची सेवा करून येणार. त्या माणसाला घरी ठेवून यायचं, डोक्यात घालून आणायचं नाही. जमेल?”

“जमवते,” चिमणी म्हणाली. तिला ते जमणार नाही हे दोघींनाही कळत होतं.

जोर दादानं लावला. त्याचं लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, पाळण्यात बाळ होतं. तो म्हणाला, “बाबांचं आयुष्य पलंगावर गेलं. तुझं पलंगाशेजारी घालवू? जा तू. आम्ही आहोत.” वहिनी बाळाला थोपटता थोपटता म्हणाली, “मी बघते बाबांना. तू फक्त दाखवून जा.” वहिनी मनानं वाईट नव्हती. पुढं जे झालं ते कुणाच्या वाईटपणानं झालं नाही, हेच त्यातलं वाईट.

चिमणीला प्रवेश मिळाला. मुलाखतीत तिला विचारलं, नर्सच का व्हायचंय? सेवाभावावरचं पाठ केलेलं उत्तर ती ऐनवेळी विसरली आणि म्हणाली, “मला दुसरं काही येत नाही.” समोरचे तिघे हसले आणि त्यांनी तिला घेतलं. शिडीला मिळाला, बेकरीवाल्याच्या मुलीलाही मिळाला.

जायच्या आधी चिमणीनं वहिनीला सगळं शिकवलं. चादर कशी घालायची, कुठं धरायचं, दर दोन तासांनी कूस कशी पालटायची. टाचा, खुबे, माकडहाड रोज बघायचं. लाल दिसलं आणि बोट दाबून लाली गेली नाही, की समजायचं, जखम सुरू झाली. वहिनीनं दोनदा करून दाखवलं. बाबा छताकडं बघत होते. निघताना चिमणीनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला. वाचा गेल्यापासून त्यांना एवढंच बोलता यायचं, “चि… चि…” ते तेवढंच दोनदा म्हणाले. डावा हात मात्र पलंगाच्या कठड्यावरून सुटला नाही. तिला वाटलं, निरोपाचं दुःख आहे. तिला तरी दुसरं काय वाटणार होतं?

होस्टेलच्या लांबलचक खोलीत खाटा ओळीनं होत्या आणि खिडकीतून दवाखान्याचं धुणं वाळताना दिसायचं. बेकरीवाल्याची मुलगी पहिल्याच आठवड्यात दोनदा पडली. शिडीचे पाय खाटेबाहेर यायचे. पहिल्या सुट्टीपर्यंत घरी सोडत नसत, म्हणून चिमणी घरी फोन करायची.

“बाबा कसे आहेत?”

“ठीक आहेत,” दादा म्हणायचा.

“पाठ?”

मागं बाळ रडत असायचं. “सगळं ठीक आहे. तू अभ्यास कर.”

वर्गात शय्याव्रणाचा, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांचा, धडा आला. ट्यूटर मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी, चौथी. चौथीत हाड दिसत होतं. दोघीतिघींनी माना खाली घातल्या. मॅडम म्हणाल्या, हे नीट काळजी घेतली तर टाळता येतं. चिमणीनं हात वर केला. “माझे वडील चार वर्षं पडून आहेत. त्यांना एकही नाही.” मॅडमनी तिला पुढं बोलावलं आणि चादरीची युक्ती सरावाच्या बाहुल्यावर करून दाखवायला सांगितली. सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

पहिली सुट्टी लागली तेव्हा ती खाऊची पिशवी घेऊन घरी आली. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकण्याआधीच तिला तो वास आला. महिनाभर वॉर्डात फिरल्यावर तो वास ओळखायला पुस्तक लागत नाही. तिनं पिशवी दारातच ठेवली.

बाबा उताणे होते. गाल आत गेले होते. तिनं चादर धरली, गुडघा टेकवला, ओढलं. बाबा आता हलके झाले होते, एका झटक्यात वळले. माकडहाडावर मुठीएवढा खड्डा होता. कडा काळ्या, आत पिवळं. तिसरी पायरी की चौथी, असा विचार तिच्या डोक्यात आला आणि तो आला म्हणून तिला स्वतःचीच शिसारी आली.

वहिनी बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

“कधीपासून?” चिमणीनं विचारलं.

“बाळाला ताप येत होता तेव्हापासून. मी औषध लावत होते.”

“मला का नाही सांगितलं?”

उत्तर दादानं दिलं, तेही भिंतीकडं बघत. “तू सोडून आली असतीस.”

वरच्या मजल्यावरच्या सिस्टरनी धावपळ करून बाबांना मोठ्या दवाखान्यात दाखल केलं, म्हणजे चिमणी जिथं शिकत होती तिथंच. वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरनी जखम पाहिली आणि कुटुंबाकडं वळून विचारलं, “घरी यांना कोण बघत होतं?” आवाज कडक नव्हता, रोजचा होता.

“मी,” वहिनी म्हणाली.

तेव्हा चिमणी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. एक शब्द पुरला असता. ‘आम्ही सगळे.’ नाहीतर ‘तिला लहान बाळ आहे.’ तो शब्द तिच्या जिभेवर आला नाही. ती बाबांची उशी सरळ करत राहिली. वहिनीनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि मान फिरवली.

जखम रोज धुतली जायची. चिमणी गणवेशात यायची, वर्गाच्या आधी आणि वर्गानंतर. बेकरीवाल्याची मुलगी तिच्याबरोबर थांबायची, पट्टीचं ताट धरायची. ती एकदाही पडली नाही. पण जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. बाबांना थंडी वाजून ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. शेवटी शेवटी ते चिमणीलाही ओळखेनासे झाले. एका दुपारी, जेवणाच्या गाड्या वॉर्डातून फिरत असताना, ते गेले. चिमणी तेव्हा खाली प्रात्यक्षिकाच्या वर्गात होती. खाटेवर चादर नीट कशी घालावी ते शिकवत होते. निरोप आला तेव्हा तिच्या हातात चादरीचा कोपरा होता. तो तिनं आधी दुमडून घेतला, मग ती निघाली.

घर त्यानंतर घरासारखं राहिलं नाही. दादा आणि वहिनी यांच्यात शब्दावरून शब्द वाढायचा. वहिनी चार दिवसांसाठी म्हणून बाळाला घेऊन माहेरी गेली, ते चार दिवस लांबतच गेले. दादा कारखान्यातून यायचा, बाहेरूनच काहीतरी खाऊन यायचा आणि दिवा न लावता बसायचा. चिमणीला त्यानं कधी दोष दिला नाही. फक्त तिचा फोन आला की म्हणायचा, “सगळं ठीक आहे.” आणि ती पुढं काही विचारायची नाही.

चिमणी शिकत राहिली. पास होत गेली. शिडीला हृदयाच्या वॉर्डात जायचं होतं, बेकरीवाल्याच्या मुलीला चक्क ऑपरेशन थिएटरमध्ये. चिमणीला कुठंच जायचं नव्हतं. ती पेशंटची कूस बदलायची तेव्हा इतर मुलींना बघायला उभं करत, हात असे ठेवा म्हणून. तिचे हात ते काम आपोआप करायचे. ती स्वतः त्यात नसायची.

दुसऱ्या वर्षी एकदा संध्याकाळच्या ड्यूटीआधी ती गणवेशातच वहिनीच्या माहेरी गेली. वहिनीनं दार उघडलं, क्षणभर उभी राहिली, मग आत बोलावून पाणी दिलं. बाळ आता चालायला लागलं होतं. ते नव्या माणसाकडं टकमक बघत होतं.

“त्या दिवशी मी बोलायला हवं होतं,” चिमणी म्हणाली.

वहिनी भांड्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, “ते मला हात लावू द्यायचे नाहीत गं. मी चादर धरली की डाव्या हातानं कठडा असा घट्ट धरायचे. सुटायचाच नाही. डोळ्यांतून पाणी यायचं. मुलीचं चालत होतं त्यांना. सुनेसमोर लाज वाटायची. मी जोर करावा तर मोठं माणूस. मी काय करणार होते?”

“दादाला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं ना. तो पाळीवरून आला की वळवायचा. दिवसातून दोनदा. बाकीचा वेळ ते तसेच. तुला सांगितलं असतं तर तू परत आली असतीस. सगळ्यांना वाटत होतं तू नर्स व्हावीस. बाबांनाही वाटत असावं. त्यांना विचारणार कसं?”

चिमणीला पलंगाच्या कठड्यावरचा तो हात दिसला. तिनं कितीदा तो हात धुतला होता, नखं कापली होती. चार वर्षं ती त्यांना बाळासारखं उघडं करून पुसत होती. त्यांना लाज वाटत असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिच्यापुढं त्यांनी ती गिळली होती एवढंच.

“घरी ये ना,” ती वहिनीला म्हणाली.

“बघू,” वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, आशाही नव्हती.

बाळ झोपेला आलं तशी चिमणी उठली. वहिनीनं तिला कोपऱ्यापर्यंत सोडलं. बसस्टॉपवर दोन शाळकरी मुली तिच्या गणवेशाकडं बघत कुजबुजत होत्या. शेवटी एक पुढं आली आणि अदबीनं म्हणाली, “सिस्टर, आम्हालाही नर्सिंगला जायचंय. खूप अवघड असतं का हो?”

चिमणीनं तोंड उघडलं. तेवढ्यात बस आली. ती चढली, खिडकीशी बसली. मुली खालून अजून वर बघत होत्या, उत्तर येईल म्हणून. बस सुटली. संध्याकाळी तिची पुरुषांच्या वॉर्डात ड्यूटी होती, आणि तिथं खिडकीजवळच्या खाटेवर आदल्याच दिवशी एक लकवा झालेले म्हातारे आजोबा दाखल झाले होते. त्यांची कूस आता तिलाच बदलायची होती.