कामतबाईंची लिफ्ट

हसणार असाल तर हातातला कप आधी खाली ठेवा. मला मात्र हा किस्सा अजूनही मान खाली घालूनच सांगावा लागतो, कारण यात दुसऱ्या कुणाची चूक काढायला जागाच नाही. सगळी माझीच.

सत्तर-बहात्तरचा सुमार असेल. लोणावळ्याच्या बाजारात एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. मॅट्रिकला दोनदा बसलेला, त्यामुळे आपलं इंग्रजी इतरांच्या दुप्पट पक्कं, अशी माझी समजूत. तुळशीचं लग्न झालं, थंडी पडली, आणि आमचे डॉक्टर भाचीच्या लग्नासाठी आठवडाभर कोल्हापूरला निघाले. जाताना म्हणाले, "तुंगार्लीच्या बंगल्यावर मुंबईच्या कामतबाई राहायला येतायत. तोंडाचं ऑपरेशन झालंय. रोज जाऊन टाके पुसायचे, मलम लावायचं. त्यांना बोलायची आणि हसायची बंदी आहे, तेव्हा तूही गप्प बस. त्यांच्या सर्जनचं पत्र येईल, ते माझ्या टेबलावर ठेव."

पत्र आलं. मी ते टेबलावर ठेवलं. फक्त उघडून, वाचून ठेवलं.

वर बाईंचं नाव आणि दादरच्या एका इमारतीचा पत्ता, पाचवा मजला. खाली टाईप केलेली लांबलचक वाक्यं. बरीचशी डोक्यावरून गेली, पण एक ओळ लख्ख कळली. 'फेस लिफ्ट कम्बाइन्ड विथ लिप लिफ्ट.' फेस म्हणजे चेहरा. लिप म्हणजे ओठ. आणि लिफ्ट मी स्वतः मुंबईत एकदा पाहिली होती, लोखंडी जाळीच्या सरकत्या दाराची. पाचवा मजला, जाळीचं दार, चेहरा, ओठ. यात न कळण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा. बाई लिफ्टच्या दारात सापडल्या होत्या.

बंगल्यावर गेलो तर बाई खिडकीशी बसलेल्या. पन्नाशी उलटलेली. डोक्याभोवती आणि हनुवटीखालून पट्टी, डोळ्यांखाली निळंजांभळं, आणि नाकाखाली काळ्या दोऱ्याचे बारीक टाके. मांडीवर पाटी-पेन्सिल. काय लिहायचं ते त्यावर.

डॉक्टरांनी गप्प बसायला सांगितलं होतं. पण दुखणाईताशी दोन शब्द बोलू नयेत का?

"लिफ्टच ना ही?" मी विचारलं.

बाईंनी जरा चपापून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"चेहरा आणि ओठ, दोन्ही एकाच वेळी?"

पुन्हा होकार.

"फार दुखलं असेल."

बाईंनी पाटीवर लिहिलं, 'कळलंच नाही. झोपेत होते.'

लिफ्टमध्ये उभ्या उभ्या झोप. मला गलबलून आलं. एकटी बाई, घरचं-दारचं करून किती दमत असेल.

"इमारतीत माहीत आहे का सगळ्यांना?"

बाईंचे सुजलेले डोळेसुद्धा मोठे झाले. त्यांनी घाईघाईनं लिहिलं, 'कुणालाही कळता कामा नये.'

झालं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इमारतीच्या लोकांनी हिला दम दिला असणार.

बाहेर ठकूमावशी भांडी घासत होती. ती डोंगराकडच्या वाडीतली, बंगल्यावर कामाला यायची. तिनं मला अडवलं.

"कंपाउंडर भाऊ, काय झालंय वो बाईला?"

"लिफ्टमध्ये सापडल्या."

"लिफ्ट म्हंजी?"

"वर-खाली जाणारी खोली असते मावशी, मुंबईला."

मावशीचा हात भांड्यावरच थांबला. "आन ती चावती व्हय?"

"दार चावतं," मी म्हणालो. समजेल असं सांगावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी गेलो तर बाईंच्या उशीशी अंगाऱ्याची पुडी, आणि मावशी वाटीतून नाचणीची आंबील चमच्या-चमच्यानं भरवतेय. अख्ख्या वाडीला कळलं होतं की मुंबईत खोल्या माणसाला धरतात. वाडीतल्या दोघी म्हाताऱ्या व्हरांड्यात बसून होत्या. बाईंना यातलं काही उमजत नव्हतं, पण आंबील आवडली असावी. पाटीवर 'अजून' असं लिहिलेलं होतं.

इथवर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला चैन पडेना. सर्जनच्या पत्रातल्या दादरच्या पत्त्यावर, इमारतीच्या सेक्रेटरींना मी एक पत्र आधीच धाडून बसलो होतो. 'आपल्या लिफ्टने एका सभ्य स्त्रीच्या चेहऱ्याची आणि ओठाची वाट लावली आहे. त्या सध्या लोणावळ्यास मौन धरून आहेत. सदर लिफ्ट ताबडतोब बंद करावी.' बाईंचं नाव आणि बंगल्याचा पत्ता दिला, आणि वजन पडावं म्हणून खाली डॉक्टरांचा शिक्का मारला.

रविवारी सकाळी डॉक्टर परतले. टेबलावरचं पत्र वाचून मला घेऊन थेट बंगल्यावर आले. पट्टी सोडली, टाके काढायला बसले. मी ट्रे धरून उभा. नाकाखालचा शेवटचा टाका निघाला आणि फाटकाशी टॅक्सी थांबली.

पुढे सेक्रेटरी, मागे त्यांची बायको, त्यांच्यामागे शेजारपाजारचे तिघे. प्रत्येकाच्या हातात चिक्कीचा पुडा. ज्या बाईला अजून आठवडाभर काही चावायची बंदी, तिच्यासाठी.

सेक्रेटरींनी दारातच हात जोडले. "कामतबाई, माफी मागायला आलोय. बुधवारपासून लिफ्ट बंद ठेवलीय. सगळे जिन्यानं जातोय. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर खाली उतरणंच सोडलंय."

"लिफ्टचा काय संबंध?" डॉक्टर म्हणाले.

सेक्रेटरींनी खिशातून पत्र काढून दिलं. डॉक्टरांनी ते वाचलं, शिक्का पाहिला, आणि माझ्याकडे बघितलं. मग मला व्हरांड्यात नेऊन हळू आवाजात म्हणाले, "सैल पडलेली कातडी वर ओढून कानामागे शिवतात, त्याला फेस लिफ्ट म्हणतात. नाकाखाली काप घेऊन ओठ वर घेतात, ती लिप लिफ्ट. त्यांनी दोन्ही एकदम करून घेतलंय. आपल्या हौसेनं. आणि ते कुणाला कळू नये म्हणून इथं आल्यात."

नोकरीचं जाऊ द्या. एका बाईनं जपलेली गोष्ट मी तिच्याच शेजाऱ्यांना टपालानं पाठवली होती.

आत आलो तर सगळे बाईंच्या तोंडाकडे बघतायत. बाईंनी आरसा मागवला होता. बराच वेळ त्या त्यात बघत राहिल्या. लिफ्टवर ढकलून मोकळं होणं सोपं होतं. मी सोय करूनच ठेवली होती. पण त्यांनी आरसा खाली ठेवला आणि जपून, एकेक शब्द उच्चारत बोलल्या.

"लिफ्टचा काही दोष नाही. ती चालू करा. हे मी करून घेतलंय. आमचे हे बारा वर्षं अंथरुणावर होते. ते गेल्यालाही आता चार वर्षं झाली. मी मजेत आहे. पण रोज लिफ्टमध्ये कुणीतरी विचारतं, कामतबाई, बरं नाही का? माझ्या चेहऱ्याला अजून कुणी कळवलंच नव्हतं, की ते दिवस संपले."

सेक्रेटरी खाली बघायला लागले. रोज विचारणाऱ्यांतले तेच पहिले असावेत.

मग त्यांची बायको पुढे झाली. बाईंची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. सूज होती थोडी, पण दहा वर्षं सहज उतरलेली. "आणि ओठाचं वेगळं कशाला केलंत?"

"सर्जन म्हणाले, गाल वर घेतले आणि ओठ तसाच ठेवला, तर भिंत रंगवून दार जुनं ठेवल्यासारखं दिसेल."

सेक्रेटरींच्या बायकोनं स्वतःच्या गालावरून हात फिरवला. मग नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सगळे जरा बाहेर बसा. मला यांच्याकडून एक पत्ता लिहून घ्यायचाय."

ठकूमावशीनं सगळ्यांना चहा दिला. तिला खरं काय ते सांगितलं, तर म्हणाली, "म्हंजी खोलीनं न्हाई, बाईनंच करून घेतलं व्हय? ब्येस केलं."

मंडळी गेल्यावर मी बाईंसमोर जाऊन उभा राहिलो. दोन्ही कान पकडले. बाई गंभीरपणे माझ्याकडे बघत होत्या. मग हसू येऊ नये म्हणून वरच्या ओठावर बोट धरून म्हणाल्या, "मी सर्जनना पत्र लिहिणार आहे. टाके सुरेख घातलेत. फक्त तोंड चुकलं, तुमच्या तोंडाला घालायला हवे होते."