जाईबाईची चुकलेली चोरचोळी

बाळापूरपासून चार कोसांवर जाईबाईचं दीड एकर काळं रान. त्यात शेवंती, झेंडू आणि कडेनं मोगरा. पण अकोल्याच्या जुन्या शहरात तिचं नाव फुलं विकण्यासाठी नव्हतं. डोहाळजेवणाला बसणाऱ्या पोरीचे फुलांचे दागिने, बाजूबंद, कंबरपट्टा, वेणी, करावेत ते जाईबाईनंच, असा तिचा लौकिक. आणि ती तो मिरवायचीही. का मिरवू नये? किती पोरी तिच्या हातून सजल्या होत्या.

त्यामुळं दिवस गेलेली बाई आपण लांबून ओळखतो, अशी तिला घमेंड. यंदा सून प्राजक्तानं सकाळचा चहा दोनदा तसाच ठेवला, आणि ही बाजारातून हिरवा खण घेऊन आली. गावाला कळायच्या आत घरच्या घरी चोरचोळी द्यायची रीत. तिनं सुनेला कुंकू लावलं, खण पुढं केला. ओळखण्यात ती चुकली नव्हती. चूक वेगळीच झाली.

प्राजक्तानं खण घेतला नाही. "आई, मले हे लेकरू नाई पाह्यजे. दोन पोरी आहेत, धाकटी अजून वर्षाची नाई. माह्या अंगात आता तेवढा जीव नाई. डाक्टरीनबाईले भेटून आली मी. सात हप्ते झाले. गोळ्या देतो म्हने."

जाईबाईनं खण मागं घेतला. जीव देणारा देव, आपण कोण, हे ती जन्मभर मानत आलेली. दोन दिवस ती सुनेशी धड बोलली नाही. मुलगा बंडू म्हणाला, "तिचं दुखनं मी पाह्यलं आहे, माय. ती म्हनते थेच खरं." आणि फुलांची गाडी घेऊन निघून गेला. एवढं बोलला हेच त्याच्या मानानं भाषण झालं.

तिसऱ्या दिवशी मोठे दीर खुशालराव आले. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. जाईबाईचे मालक देवराव भावापुढं तोंड उघडत नसत. "पाप आहे हे," खुशालराव ओट्यावर बसून म्हणाले. जाईबाईनं मान डोलावली, तिलाही तेच वाटत होतं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "दोन महिने थांबा. माह्या ओळखीचा एक जन मशीनवर पाहून देते. पोरगा असला तं ठेवू. पोरगी असली तं मंग करा काय करायचं थे."

अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच माणसानं जाईबाईला अमरावतीला नेलं होतं. सोबत सासू होती. कशासाठी नेलंय हे तिला टेबलावर झोपवल्यावर कळलं. पोटात पोरगी होती. तेव्हा पाप हा शब्द कोणी काढला नव्हता.

ती उठून आत गेली. "चाल," ती सुनेला म्हणाली. "पाप लागलं तं मले लागू दे."

"तुमाले काहून?" प्राजक्ता चप्पल घालत म्हणाली. "ठरवलं मी आहे, आई. जे लागन थे मले लागन."

दवाखान्यात बाकावर बसून जाईबाई रडली, ते तिनं लपवलं नाही. जीव जाणार याचं दुःख तिला होतंच. पण नर्सनं कागद पुढं केला तेव्हा तिनं विचारलं, "सही नवऱ्याची लागते काय?" नर्स म्हणाली, "सज्ञान आहे ना ती? मग तिचीच पुरे." प्राजक्तानं ठसठशीत अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं. अशी पोर आपल्या घरात सून म्हणून आली, या अभिमानानं जाईबाईचा ऊर भरून आला.

दोन दिवसांनी खुशालराव दारात उभे. "कोनाले इचारून केलं हे?"

तीस वर्षांत जाईबाई त्यांच्याशी मान वर करून बोलली नव्हती.

"जिचं पोट, तिले इचारून केलं, भाऊजी," ती म्हणाली. "मले बी कोनी इचारलं असतं, तं आज माही पोरगी सत्तावीस वर्षाची असती."