अण्णांच्या वाटचा घास

हळद लावलेल्या गरम नानचा वास आला की वडील आठवतात. तोंडाच्या ऑपरेशननंतर त्यांना नुसती पातळ पेज जायची. तरी एका रविवारी हट्टानं मला घेऊन ते शहरभर हिंडले. औरंगपुऱ्यात कचोरी, पुढं इमरती, शेवटी नान आणि मटणाचा झणझणीत खलिया. खायचो मी, ते समोर बसून अडखळत विचारायचे, "कसं लागतंय?" त्यांचा जीव तुटू नये म्हणून खलिया खाताना मी म्हणालो, "काही खास नाय अण्णा, अळणीच हाय." त्यांनी ताट जवळ ओढून वास घेतला. "खोटं नको सांगू. माझ्या वाटचं तूच खातोयस. नीट सांग." मग मी घासागणिक चव सांगत गेलो आणि ते डोळे मिटून आवंढे गिळत राहिले. अण्णा गेले. अजूनही पहिला घास चावताना मी मनात शब्द शोधू लागतो.