टेबलाखाली मावलेला बटण

...तर पिल्लू टेबलाखाली बरोबर मावलं, इथवर काल आलो होतो. काल जे जांभया देत उठून गेले, त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिवणकामाचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं एक खोली, आणि त्यात मास्तर आणि त्यांची बायको. पोरं शिकून लांब गेली आणि दुकानात मास्तरांशी बोलायला शिलाई मशीनच उरलं. म्हणून मास्तरांनी कुत्रा पाळायचं ठरवलं.

ठरवलं म्हणजे कसं, अगदी रीतसर. आधी जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला. मी सोबत होतोच. फुकटचा तमाशा मी कधी सोडला नाही.

"मास्तर, दिवसाला चालणं किती होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मशीनवरचं की जमिनीवरचं?"

"जमिनीवरचं."

"दुकानातून खोलीत. जेवायला."

"मग आखूड पायांचा, आळशी, जरा वयस्क कुत्रा घ्या. तुमच्यासारखाच."

आता इतका सरळ सल्ला कुणी ऐकतं का? ऐकला असता तर आज मला सांगायला काय उरलं असतं! मास्तर थेट वरच्या माळावर मेंढपाळाकडं गेले आणि मेंढ्या वळणाऱ्या कुत्रीचं पिल्लू घेऊन आले. जात कशावरून निवडली? टेपवरून! कापड बेतायच्या टेबलाखालची जागा आधीच मोजून ठेवलेली. मग पिल्लाची लांबी, उंची, छाती मोजली. जमलं. नाव ठेवलं बटण.

"त्या जातीला डोंगर लागतो, मास्तर," डॉक्टर म्हणाले.

"माप घेतलंय," मास्तर म्हणाले. आणि मास्तरांनी माप घेतलंय म्हटल्यावर पुढं कुणी तोंड उघडायचं नाही, अशी गल्लीची रीतच होती.

बरं, हा माणूस कोण? शाळकरी पोराची विजार शिवताना पायाशी चार बोटं कापड आत दुमडून ठेवणारा, आणि पोराच्या आईला बजावणारा, "पोर वाढतं हो, पुढच्या वर्षी उसवून खाली सोडा." अख्ख्या गावाची पोरं वाढतात हे यांना ठाऊक. कुत्रं तेवढं बेतल्याबरहुकूम राहणार होतं!

बटण वाढला. शेपूट टेबलाखाली ठेवलं तर डोकं बाहेर, डोकं आत घेतलं तर शेपूट गिऱ्हाइकाच्या पायात. मास्तरीणबाई म्हणायच्या, "अहो, कुत्रा आणायला गेला होतात ना? मग हे वासरू कुणाच्या गोठ्यातून सोडून आणलंत?"

आणि मेंढ्या नाहीत म्हणून तो आपला धंदा सोडतोय थोडाच? गिऱ्हाईक आलं की पोटरीला नाक लावून त्याला कोपऱ्यातल्या आरशापाशी नेऊन उभं करायचा. दुसरं आलं की तेही तिथंच. भुंकणं नाही, चावणं नाही, नुसतं ढकलणं. धाग्याचं रीळ मागायला आलेला माणूससुद्धा ट्रायल दिल्याशिवाय सुटेना.

मग कोटाचा दिवस उजाडला. हेडमास्तरांच्या निवृत्तीचा कोट. भारी कापड टेबलावर पसरलेलं, कात्री अर्ध्या बाहीत, आणि खाली बटणला मांजर दिसलं. बटण उठला, त्याच्याबरोबर टेबल उठलं. कात्री जिथं गेली तिथं बाही संपली. हेडमास्तरांनी निरोपाचं भाषण एक हात पाठीमागं ठेवून केलं. लोक म्हणाले, काय हा रुबाब!

मास्तरीणबाईंनी निकाल दिला, "रविवारी हा माळावर परत जाणार. मेंढपाळ घ्यायला तयार आहे, डॉक्टर नेऊन सोडतील. तुम्हाला पाहवत नसेल तर तोंड फिरवून बसा."

मास्तर मशीनवर जाऊन बसले. त्या आठवड्यात एका विजारीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून दुकानातून बाहेर पडले. मी पोट धरून हसलो. मास्तर हसले नाहीत, तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. बटण गेला की त्यांच्याशी बोलायला पुन्हा ते मशीनच उरणार होतं. विजार शिवून झाली तरी मास्तर टेबलाखाली हात घालून बटणचा कान चोळत बसायचे, आणि मास्तरीणबाई ते पाहून न पाहिल्यासारखं करायच्या.

रविवारी डॉक्टर पट्टा घेऊन हजर. बघतात तर मास्तर जमिनीवर बसून बटणचं माप घेताहेत, आणि दर मापात चार बोटं जास्तीची धरताहेत. पायात नवे कोरे कॅनव्हासचे बूट! ज्यांच्या चपलेचा तळ झिजलेला कुणी पाहिला नव्हता, त्यांच्या पायात!

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, मी तेव्हाच सांगितलं होतं, तुमच्या राहणीला ही जात झेपायची नाही. अजूनही हा देऊन टाका. आखूड पायांचा मी स्वतः आणून देतो."

बोलता बोलता बटणनं त्यांच्या पोटरीला नाक लावलं होतं. मी आणि मास्तरीणबाई आधीच आरशापाशी जमा झालो होतो. बाई हसू दाबत होत्या. मास्तरांनी टेप गळ्यात अडकवली आणि म्हणाले,

"अहो डॉक्टर, शर्ट आखूड झाला म्हणून पोर बदलून आणा, असं मी आजवर कुणाला सांगितलंय का? हिला विचारूनच सुताराला बोलावलंय, टेबल उंच करायला. रोज सकाळी वरच्या वस्तीवर घरोघरी मापं घ्यायला जाणार आहे, हा पुढं, मी मागं. आणि तुम्हाला बोलायचंच असेल तर जरा आणखी आत सरका, तुमचा एक पाय अजून बाहेर राहिलाय."